अडतीस इंचांचा बांध

४ मार्च २०२५, मंगळवार

आज दादाला फोन केला. चार वर्षं दोन महिन्यांनी.

सकाळपासून तीनदा नंबर काढला आणि तीनदा फोन खाली ठेवला. शेवटी ह्यांनी चहाचा कप समोर सरकवत म्हटलं, "अगं, भाऊच आहे तो. शिक्षणाधिकारी नाही." मग लावला. उचलला हौसावहिनीने. "कोण, शकूताई?" एवढंच म्हणाली आणि पुढे नुसती नाक ओढत राहिली. मग फोन दादाच्या हातात गेला असावा, कारण पलीकडे कोणीतरी खाकरलं.

"दादा, मला ट्रॅक्टर घ्यायचाय," मी म्हटलं. एवढ्या वर्षांनंतर पहिलं वाक्य हे. तब्येत कशी आहे नाही, काही नाही.

पुन्हा एक खाकरणं. मग म्हणाला, "किती एचपीचा?"

ही वही मी शेताच्या नोंदींसाठी आणली होती. पेरणी अमुक तारखेला, खत तमुक तारखेला. त्यात आता भावाबहिणीचं भांडणही लिहावं लागणार. तर नीट लिहिते, वर्गात पायरीपायरीने प्रमेय सोडवायचे तसं.

बाळकुमची आमची भातखाचरं टॉवरांखाली गेली, तेव्हा बाबांनी त्या पैशातून गोवेलीच्या पुढे सव्वा एकर घेतली. भात विकत आणून खायचा नाही हा त्यांचा हट्ट. बाबा गेल्यावर वाटणी झाली. रस्त्याकडची पंचवीस गुंठे दादाची, मागची पंचवीस माझी. मग दादाच्या मितेशने बंगल्यांची स्कीम करणारा एक बिल्डर आणला. मी हक्कसोडपत्रावर सही करणार हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं. आमच्याकडे बहिणी करतातच. मी केली नाही. दादा म्हणाला, "मंग र्‍हा तुझ्या जमिनीवर." मी राहिले. निवृत्त झाले आणि डोंबिवलीहून स्कूटीवर जाऊन भात लावू लागले. दादाची पंचवीस गुंठे तेव्हापासून पडीक आहेत. मागची मिळाल्याशिवाय बिल्डरलाही पुढची एकटी नको होती.

पण माझ्या जमिनीला वाट नाही, हीच तर अडचण आहे. रस्त्यावरून माझ्या खाचरात जायचं तर दादाच्या बांधावरून. जांभळीपाशी तो बांध अडतीस इंच आहे. मी शिवणाच्या टेपने तीनदा मोजलाय. गावातल्या दौलतचा मोठा ट्रॅक्टर तिथून जात नाही. तो पलीकडच्या शेतांमधून, सगळ्यांची कामं संपल्यावर, उपकार केल्यासारखा येतो. गेल्या वर्षी माझी लावणी जुलैच्या शेवटी झाली. शेजारचे मारुतीभाऊ म्हणाले, "ताई, तुमचा भात पोटरीत येईल तवा आमचा घरात असेल." तसंच झालं; त्यांची कापणी उरकली तेव्हा माझी कणसं अजून बाहेर पडायची होती.

म्हणून स्वतःचा छोटा ट्रॅक्टर. आणि ट्रॅक्टरमधलं कळणारा माणूस माझ्या ओळखीत एकच आहे.

९ मार्च, रविवार

मुरबाड रोडवरच्या शोरूमला भेटायचं ठरलेलं. दादा माझ्याआधी येऊन बाहेर उभा. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. केस सगळे पांढरे झालेत. डावा पाय पूर्वीपेक्षा जास्त ओढतो. मी जवळ गेले तर हातात एक पिशवी दिली. "तुझ्या वहिनीनं भाकऱ्या दिल्यान. तांदलाच्या." माझ्याकडे न बघता आत गेला.

राजरत्न नावाचा सेल्समन. तिशीचा, हुशार, जिभेवर साखर. तो दादालाच सगळं सांगत होता. इंजिन असं, हायड्रॉलिक असं, सर. मी मध्ये काही विचारलं की उत्तर दादाकडे बघून. दादाने पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, "मना कशाला सांगतस? घेनार ती हाय. चालवनार पन तीच. तिला सांग."

राजरत्न माझ्याकडे वळला तो चेहरा बघण्यासारखा होता. बासष्ट वर्षांची बाई, सलवार-कमीज, पर्समध्ये मेजरिंग टेप.

माझ्या बजेटमध्ये दोन बसतात. इथे त्यांना रंगानेच ओळखते.

लाल: पंधरा एचपी, एक सिलिंडर. हलका आणि स्वस्त. चाकाबाहेर ते चाकाबाहेर छत्तीस इंच.

निळा: बावीस एचपी, तीन सिलिंडर, चारही चाकांना जोर. बुटका आणि जड. माझ्या बजेटच्या वरच्या टोकाला. त्रेचाळीस इंच.

छत्तीस अडतीसातून जातो, त्रेचाळीस जात नाही. उत्तर सोपं आहे. मी लालवर बसले, स्टिअरिंग धरलं, छान वाटलं.

दादा म्हणाला, "उतर. यो ट्रॅक्टर नाय, सायकल हाय, धक्का लागला का पडल. निला घे."

"निळा बांधावरून जात नाही."

"बांधाचा तू नको बगू."

 बांध त्याचा आहे, हे मला ऐकवायची काही गरज नव्हती.

१५ मार्च, शनिवार

दादाने स्वतःहून फोन केला. पडघ्याला एक जुना ट्रॅक्टर आहे म्हणे, नारिंगी, सात वर्षं वापरलेला. गेलो. हेही आले, कारण घरी बसून कंटाळा आला असं म्हणाले. खरं तर त्यांना दादाला भेटायचं होतं. चाळीस वर्षं एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत काढलेल्या ह्या माणसाला वास येत नाही, पण बाकी सगळं कळतं.

विकणारा माणूस गोड बोलत होता. एकच मालक, फक्त वांग्याच्या शेतात चाललाय. ट्रॅक्टर धुऊनपुसून, टायरला पॉलिश मारून उभा. मला तर आवडलाच. दादाने आधी बॉनेटवर तळहात ठेवला. "आमी येयाच्या आदी चालू केलाव का?" माणूस म्हणाला, नाही. "मंग गरम कसा?" मग दादाने ऑइलची पट्टी ओढून काढली, बोटावर ऑइल घेतलं आणि माझ्यासमोर धरलं. चहात दूध पडल्यासारखं दिसत होतं.

"पानी जाताय ऑइलमधी. इंजिन गेलाय याचा. चल."

गाडीत बसल्यावर मी विचारलं, तुला हे सगळं कसं कळतं रे. म्हणाला, "पाय गेला ना माझा, तवा शिकलो." 

बाबांनी भाड्याने आणलेला एक अरुंद ट्रॅक्टर होता, चिखलणीच्या दिवसांत. दादा चोवीसचा. बांधावरून उतरताना उलटला आणि दादाचा पाय खाली आला. मी तेव्हा डी.एड.ला होते. तो तीन महिने ओटीवर पडून होता आणि मी रोज संध्याकाळी त्याला पेपर वाचून दाखवायचे. खेळाचं पान आधी. एवढंच आठवतंय. चाळीस वर्षं झाली. आता ट्रॅक्टर किती सुधारलेत.

परतताना कल्याणच्या पुलावर तासभर अडकलो. हे आणि दादा क्रिकेटवर बोलत होते. मी मागे बसून ऐकत होते. बरं वाटलं, लिहायला हरकत नाही.

१६ मार्च, रविवार

वहिनीच्या भाकऱ्यांची पिशवी परत द्यायची राहिली. रिकामी कशी देणार? नारळाच्या वड्या केल्या.

२३ मार्च, रविवार

शोरूमच्या मागच्या मैदानात शिकले, हेही बघायला आले होते! क्लच हा प्रकार स्कूटीवर नसतो. पहिल्यांदा सोडला तेव्हा लाल ट्रॅक्टर बेडकासारखी उडी मारून बंद पडला. राजरत्न म्हणाला, "होतं मॅडम, सगळ्यांचं होतं." दादा म्हणाला, "सगल्यांचा नाय होत." अकराव्या वेळी गाडी निघाली. मैदानाला दोन फेऱ्या मारल्या. साठ मुलांचा वर्ग एका नजरेत गप्प करणाऱ्या बाईला इतका आनंद कधी झाला नव्हता.

निळ्यावरही बसवलं त्याने. पेडल लांब पडतात. दादाने राजरत्नला सीट पुढे घ्यायला लावली, मग आणखी पुढे, मग वाकून माझा पाय क्लचवर पूर्ण टेकतो का ते स्वतः पाहिलं. एवढं करायची काय गरज? मी निळा घेणारच नाहीये.

मग त्याने खिशातून लोखंडी टेप काढला. निळ्याचं चाक बाहेरून बाहेर मोजलं. राजरत्नला विचारलं, चिखलात लोखंडी चाकं लावली तर रुंदी किती वाढते? आणि आकडा बॉलपेनने तळहातावर लिहून घेतला. त्याला खात्री करून घ्यायची होती की हा बांधावरून कुठल्याही परिस्थितीत जाणार नाही. मग मला त्याच्याकडे वाट मागायला जावं लागेल. मागितली की तो म्हणणार, सही कर.

असं वाटणं वाईट आहे, मला कळतं. पण मितेश परवा वहिनीच्या फोनवरून बोलला तेव्हा "आत्या, त्या जमिनीचं एकदा फायनल करून टाकू ना" असं म्हणालाच की.

घरी आल्यावर हे म्हणाले, "दादाच्या हाताला फोड कशाचे गं?"

"कुठले फोड?"

"दोन्ही हातांना. चिकटपट्ट्या लावल्यात."

मी पाहिलं नव्हतं. असेल काहीतरी. दाराचा कोयंडा बदलत असेल.

२६ मार्च, बुधवार

मारुतीभाऊंचा फोन. "ताई, तुमचे दादा येतात हल्ली शेतावर. सकाळी सकाळी. दोन माणसं असतात बरोबर. जांभळीखाली मापं घेत होते. खुंट्या मारल्यात."

 मापं. खुंट्या. बिल्डरची माणसं. म्हणजे तो विकतोय, मला ट्रॅक्टर दाखवत फिरवतोय आणि तिकडे मोजणी करून घेतोय. मारुतीभाऊ पुढे काही सांगत होते. मी "बरं, ठेवते" म्हणून ठेवला.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "विचार ना त्याला सरळ."

सरळ! आमच्या घरात कोणी कधी कोणाला सरळ विचारलंय?

२९ मार्च, शनिवार

विचारलं. सरळ नाही, आणि चांगलंही नाही.

शोरूममध्ये गर्दी होती. उद्या पाडवा. सगळ्यांना उद्या गाडी हवी. राजरत्न म्हणाला, मॅडम आज बुक केलंत तर पाडव्याला पावती होईल. मी म्हटलं, लाल. दादा म्हणाला, निळा. मी म्हटलं, लाल. दादा मोठ्याने म्हणाला, "उलटशील! बांधावरशी उतरताना चाक घसरला का अंगावर येल तो. मना म्हाईत हाय. तुना नाय म्हाईत."

आजूबाजूचे बघायला लागले. मी म्हटलं, "मला सगळं माहीत आहे. जांभळीखाली कोण मापं घेतंय तेही माहीत आहे."

तो थांबला. आधी चिडला नाही, हसल्यासारखाच झाला. म्हणाला, "मारुतीनं सांगितला?" आणि खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. स्टॅम्पपेपर. त्याचा हिरवट कोपरा मी लांबूनही ओळखते. चार वर्षांपूर्वी असाच काढला होता. "यो घे. वाच. सही लागंल तुझी."

"मी सही करणार नाही, दादा. तेव्हाही केली नाही, आताही करणार नाही. आणि हे असं, ट्रॅक्टरच्या निमित्ताने जवळ येऊन..." पुढे मोडकं, रडकं काहीतरी बोलले असेन. त्याने कागद धरलेला हात तसाच पुढे होता. मी घेतला नाही. थोड्या वेळाने त्याने घडी पुन्हा घातली, खिशात ठेवली आणि पाय ओढत बाहेर गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

राजरत्नने मला खुर्ची दिली आणि पाणी आणलं. म्हणाला, "मॅडम, सर तुमच्यासाठी रोज फोन करतात मला. निळ्याचं वजन किती, पुढे किती, मागे किती. मी म्हटलं, सर, तुम्हीच घेऊन टाका एक."

मी लाल बुक केला.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. श्रीखंड आणलं होतं, खाल्लं नाही. हे एकटेच दोन वाट्या खाऊन म्हणाले, "तू कागद वाचायला हवा होतास."

वाचून काय करायचं होतं!

५ एप्रिल, शनिवार

वहिनीचे चार मिस्ड कॉल आहेत. मी शिकवण्यांना बसले होते असं सांगता येईल, पण शिकवण्या मी कधीच बंद केल्यात.

लाल पुढच्या आठवड्यात येतो असं राजरत्न म्हणाला. डोळ्यांसमोर सारखा तो ट्रॅक्टर बांधावरून उतरतो. दोन्ही बाजूंना एकेक इंच. कागदावर इंच पुरतो. चिखलात पुरेल का?

१३ एप्रिल, रविवार

आजचं आजच लिहायला हवं.

सकाळी हे म्हणाले, चल, ट्रॅक्टर यायच्या आधी बांध एकदा बघून येऊ. माझ्या मनात जायचं नव्हतं, खुंट्या बघायच्या नव्हत्या. तरी स्कूटी काढली. हे मागे बसले. साडेआठला पोचलो.

मी जांभूळ शोधत होते आणि बांध सापडेना. मला वाटलं चुकून पुढे आले. मग दिसलं. बांध नव्हताच. रस्त्यापासून थेट माझ्या खाचरापर्यंत एक वाट होती. मुरूम टाकून, ठोकून घट्ट केलेली. जांभूळ तोडलेली नव्हती. वाट तिला वळसा घालून गेली होती, आणि तो वळसा दादाच्या खाचरातून काढलेला होता. कडेला दगड लावले होते, चाक घसरू नये म्हणून. आणि जिथे वाट माझ्या शेतात उतरते तिथे लांबलचक, सपाट, अगदी सौम्य उतार. मी भूमिती शिकवलीय तीस वर्षं. असा उतार डोळ्याने नाही निघत. कोणीतरी दोरी लावून, पुनःपुन्हा माती काढून, घालून केलाय तो.

माझ्याकडे टेप होता. मोजलं. चौऱ्याऐंशी इंच. सात फूट.

मारुतीभाऊ धावत आले. "ताई, मी त्या दिवशी सांगत होतो ना, तुम्ही फोन ठेवला. दोन मजूर होते, पण दादा स्वतः कुदळ मारायचे. मी म्हटलं, जेसीबी लावा, अर्ध्या दिवसात होईल. तर म्हणाले, जेसीबीनं जांभळीची मुळं तुटतील, उतार पण धड निघायचा नाही. पंधरा-सोळा दिवस रोज यायचे. पाडव्याच्या आदल्या दिवशी दुपारी आले, एकटेच. शेवटचे दगड लावले आणि बसून राहिले इथे."

पाडव्याच्या आदल्या दिवशी. शोरूममधून निघून तो इथे आला होता.

ह्यांनी माझ्या हातातून टेप घेतला आणि गुंडाळून दिला.

१४ एप्रिल, सोमवार

बाळकुमला गेले. चार वर्षांत गेले नव्हते. आमच्या जुन्या घराच्या दोन्ही बाजूंना टॉवर झालेत. मध्ये ते घर तसंच, पुढे तुळस, मागे पाण्याची टाकी. वहिनीने दार उघडलं, मला बघितलं, आणि आत वळून ओरडली, "अहो, आली!" जणू मी भाजी आणायला गेले होते.

दादा झोपाळ्यावर बसलेला. तळहात उघडे. फोड सुकून त्यांची जाड कातडी झालेली. मी समोर बसले.  म्हटलं, "दादा, लाल रद्द करते."

"मंग. चार येला सांगितला तुना."

"तू सांगितलं का नाहीस? बांधाचं?"

"सांगितला ना. बोल्लो, बांधाचा तू नको बगू." मग जरा थांबून म्हणाला, "तू आयकतस कवा? शालेतली पोरा तुझा आयकत असतील. तू कोनाचा आयकलास कदी?"

वहिनी दारातून म्हणाली, "आनि तुमी तरी धड बोलता का कदी? निम्मा सांगता आनि निम्मा पोटात."

तो स्टॅम्पपेपर मी मागून घेतला. वाचला. मितेशच्या अक्षरात होता. "माझी धाकटी बहीण शकुंतला हिला व तिच्या वारसांना माणसांसह, गुरांसह व ट्रॅक्टरसह माझ्या हिश्श्यातून सात फूट रुंदीची कायमची वाट..." खाली दादाची सही, साक्षीदार म्हणून मितेशची. तारीख बारा मार्च. म्हणजे आमची पहिली भेट नऊला झाली, त्यानंतर तिसऱ्या दिवशी. मी लालवर बसले होते आणि छान वाटतंय म्हणाले होते, तेव्हाच त्याने ठरवलं असणार.

मी सही केली. ह्यांचं पेन होतं, चांगलं चालतं, तरी अक्षर वाकडं आलं.

"मितेश काही बोलला नाही?" मी विचारलं.

"बोल्ला. स्कीमचा त्याच्या डोक्यातना गेला नाय अजून. पन वाटंचा वायला आनि जमिनीचा वायला. वाट द्याची म्हंजे द्याची."

"आणि तुझी जमीन? विकणार?"

झोपाळ्याच्या कड्या करकरल्या.  वहिनीने जेवायला वाढलं. बोंबील, आमटी, भात. भात विकतचा होता. दादाने पहिला घास घेतला आणि ताटाकडे बघून म्हणाला, "तुझा कसा झालता यंदा?"

"उशिरा लावला म्हणून थोडा कमी. पण चवीला चांगला आहे. आणते."

"आन."

१७ एप्रिल, गुरुवार

सकाळी रजिस्ट्रार ऑफिसात वाटेचा कागद नोंदवला. मग शोरूम. राजरत्नला सांगितलं, लाल रद्द, निळा. तो हसला. म्हणाला, "मॅडम, मी लालचं पुढे पाठवलंच नव्हतं. सर म्हणाले होते, थांब थोडे दिवस, ती परत येईल."

मला चिडायला हवं होतं. चिडले नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

निळा आला. मुहूर्त उद्याचा चांगला होता, अक्षय्य तृतीया, पण शोरूमला उद्या फारच गर्दी. मी म्हटलं, मंगळवार चालेल. वहिनीने हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. ह्यांनी सीटवर जुनी उशी बांधून दिली कारण मला अजून दोन इंच उंची हवी. दादाने चारही चाकांची हवा स्वतः तपासली. वाटेने निळा आत नेला मी. जांभळीपाशी वळताना त्याने हात वर केला, थांब म्हणून, आणि दोन्ही बाजूंची जागा वाकून बघितली. दोन्हीकडे वीस-वीस इंच. तरी बघितली.

उतारावर तो ट्रॅक्टरच्या शेजारून चालत होता, एक हात चाकावरच्या पत्र्यावर ठेवून. मी म्हटलं, दादा, बाजूला हो, काही होत नाही. झाला नाही बाजूला. खाली सपाटीला आल्यावरच हात काढला.

३ मे, शनिवार

रोज तासभर सराव. उलटं घेणं जमत नाही. जमीन कडक आहे, नांगरायला घेतली तर फाळ नुसता वर वर खरवडतो. दादा म्हणतो, धीर धर, एक सर पडू दे.

११ मे, रविवार

मंगळवारी-बुधवारी अवकाळी पडला आणि जमीन नरमली. आज नांगरली.

सकाळी सातला सुरुवात केली. दादा बांधावर खुर्ची टाकून. खरं तर तो बसला नाहीच, सगळा वेळ उभाच होता. "गिअर!" "सावकाश!" "मागं बग!" चौथ्या तासात, म्हणजे नांगराच्या चौथ्या ओळीत, त्याचं ओरडणं कमी झालं. पाचव्यात तो खुर्चीवर बसला. मला ते मागे वळून न बघताच कळलं, कारण आवाज बंद झाला. मातीचा वास ह्यांना येत नाही, त्यांना मी सांगितला. म्हणाले, "येतोय असं वाटतंय."

माझी पंचवीस गुंठे साडेदहाला झाली. आता इथे एक गोष्ट खरी लिहायला हवी. शेवटच्या तासाला वळायला जागा कमी पडली म्हणून मी दादाच्या खाचरात ट्रॅक्टर घातला. वळून परत यायचं होतं. पण तिथली माती चार वर्षं नांगर न लागलेली, आणि फाळ लागल्यावर ती अशी उलटायला लागली की मी वळलेच नाही. सरळ गेले. दुसरा तास काढला. मग तिसरा. ह्यांनी हात केला, मी बघितलं नाही.

मध्येच माझ्या मनात आलं, आता ओरडेल. विचारलं नाही, सांगितलं नाही, दुसऱ्याच्या जमिनीत नांगर. मितेशला कळलं तर काय म्हणेल? तरी थांबले नाही. साडेबारापर्यंत रस्त्याकडेच्या दगडांपासून वाटेपर्यंत सगळं झालं. ट्रॅक्टर बंद केला. कानांत इंजिन घुमत होतं. उतरले.

दादा पाय ओढत आला. आपल्या खाचरात उभा राहिला. वाकून एक ढेकूळ उचललं, बोटांनी फोडलं, चाचपलं.  मी वाट बघत होते. त्याने ढेकूळ खाली टाकलं, हात झटकले.

"शकू."

"काय?"

"माझा पन नांगरलास. कोनी सांगितला?"

"कोनीच नाय," मी म्हटलं. ते बोलताना माझ्या लक्षात आलं की मी त्याच्यासारखं बोलले, आईसारखं बोलले, शाळेत जाण्याआधी बोलायचे तसं.

त्याने मान हलवली. पदराने घाम पुसतात तसा शर्टाच्या बाहीने चेहरा पुसला आणि दुसरीकडे बघत म्हणाला,

"मंग आता इथं कोंचा भात पेराचा?"

मी दोन-तीन नावं सांगितली, गेल्या वर्षी कुठला चांगला आला, कुठल्याला रोग पडला. त्याला एकही पटलं नाही. बाबांचा जुना कोलम कुठे मिळतो ते मारुतीला विचारू म्हणाला. मी म्हटलं, जुन्याला उतारा कमी, एकरी पोती कमी भरतात. तो म्हणाला, उतारा कमी, पण भात कसा लागतो. वाद घालत घालत वाटेने रस्त्यावर आलो. हे मागून खुर्ची घेऊन येत होते.

बियाणं बघायला उद्या मुरबाडला जायचंय. सकाळी आठला तो मला घ्यायला येतोय.